मानेचं ऑपरेशन किती वर्षं टिकतं?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत केलेलं भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



आज मला मानेच्या मणक्याच्या ऑपरेशनवर बोलायला सांगितलं आहे. सुरुवातीलाच स्पष्ट करतो, मी डॉक्टर नाही. सारी नोकरी बँकेत गेली, आकडेमोड आणि सह्या तपासण्यात. तरी या विषयावर चार शब्द बोलण्याचं धाडस करतो, त्याला कारण आहे. २००६ साली माझ्या थोरल्या बंधूंच्या मानेचं ऑपरेशन झालं आणि २०१४ साली माझं. एकाच घरात दोन ऑपरेशनं आणि दोघांचे निकाल अगदी वेगळे. त्या निमित्तानं डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते सांगतो. उपचार मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने करायचे आहेत.

हा विषय आपल्याकडे घरोघरी पोचला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. राजकारण बाजूला ठेवू. त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर १२ नोव्हेंबरला मुंबईच्या सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि २ डिसेंबरला ते घरी गेले. पुढे गळ्यात पट्टा घातलेले त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी ‘सामना’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगितलं, की ऑपरेशननंतर मध्येच एकदा मानेखालची हालचाल बंद पडली होती आणि वेळेत उपचार मिळाले म्हणून निभावलं. तेव्हापासून मला भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. आपल्यातल्याही एका सभासदांना नुकतंच ऑपरेशन सांगितलं आहे. तेही तेच विचारत होते, ‘साहेब, एवढा खर्च, एवढी जोखीम, आणि टिकणार किती वर्षं?’

प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारताना आपण ऑपरेशनला मुदत ठेव समजतो. पावतीवर तारीख छापलेली असते, त्या दिवशी मुदत संपली. मानेच्या ऑपरेशनला अशी मॅच्युरिटीची तारीख नसते. ते का नसते, हे समजण्यासाठी आधी मान कशी बांधलेली आहे ते पाहू.

आपल्या मानेत सात मणके असतात. सात मजली इमारत समजा. वर साधारण पाच किलोचं डोकं, म्हणजे पाण्याची टाकी. पहिले दोन मणके सोडले तर दर दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते, तिला डिस्क म्हणतात. मधून एक पोकळ नळी खाली जाते, तिच्यात मज्जारज्जू असतो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य लाइन तीच. आणि मजल्यामजल्यावरून दोन्ही बाजूंना नसा बाहेर पडतात, त्या खांद्याला आणि हाताला जातात.

वय झालं की गादी सुकते, बसते. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘मणक्यात गॅप आलाय.’ खरं तर उलटं असतं, गॅप कमी झालेला असतो. कडेला हाड वाढतं. साठीनंतर कुणाचाही एमआरआय काढा, काही ना काही झीज दिसणारच. त्यामुळे रिपोर्टमधले शब्द वाचून घाबरायचं कारण नाही. नुसती मान दुखते म्हणून ऑपरेशन करायची वेळ सहसा येत नाही. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्या सोलापूरच्या बायका, मागावर वाकून धागा जोडणारे कामगार, आमच्यासारखे लेजरवर मान घालून बसलेले कारकून, या सगळ्यांची मान दुखते. ती बहुतेक वेळा स्नायूंची तक्रार असते, आणि विश्रांती, शेक, व्यायाम, बसण्याची पद्धत यांनी आटोक्यात राहते.

ऑपरेशनचा प्रश्न मुख्यतः दोन परिस्थितींत येतो, आणि त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या आजच्या बोलण्यातला हाच महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली परिस्थिती म्हणजे बाजूला जाणारी एखादी नस दाबली जाणे. ही माझी केस. २०१३ च्या दिवाळीनंतर उजव्या खांद्यातून अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची, की रात्री हात डोक्यावर घेऊन बसावं लागे. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली होती. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं नाही. अशा दुखण्यातले बहुसंख्य लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत औषध आणि व्यायामानेच बरे होतात, असं ते म्हणाले. आम्ही चार महिने वाट पाहिली. कळ थांबेना आणि दंडातली ताकद कमी व्हायला लागली, तेव्हा ऑपरेशन ठरलं. गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटा छेद घेऊन गादी काढली, तिच्या जागी एक छोटा ठोकळा, त्याला केज म्हणतात, बसवला आणि वरून प्लेट लावली. शुद्धीवर आलो तेव्हा हातातली कळ गेली होती. घसा आठ-दहा दिवस दुखला, गिळताना त्रास झाला, आवाज बसला. पुढून केलेल्या ऑपरेशननंतर हे होतं आणि बहुतेकांचं ओसरतं.

ही पद्धत काही आजची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, आणि हवाई बेटांवर क्लोवर्ड यांनी ती रूढ केली. त्या वेळी कमरेचं हाड काढून मानेत बसवत. आता केज आणि टायटॅनियमची प्लेट आली, पण तत्त्व तेच आहे. दाब काढायचा आणि दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे. प्लेट आणि स्क्रू हे फक्त सेंट्रिंगसारखे, स्लॅब पक्का होईपर्यंत आधार देणारे. खरा जोड हाडाचा. तो भरायला काही महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं. एकदा हाड जुळलं की ती जागा आयुष्यभराची. तिथे गादीच उरली नाही, तर पुन्हा सरकणार काय? म्हणजे ‘ऑपरेशन किती टिकतं’ याचं पहिलं उत्तर असं, की ज्या मजल्यावर काम केलं, तो मजला नीट जुळला तर कायमचा टिकतो.

मग लोकांना पुन्हा त्रास का होतो? शेजारच्या मजल्यामुळे. एक सांधा हलायचा बंद झाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या सांध्यांवर जास्त काम पडतं. शिवाय त्यांची आपली वयोमानाची झीज चालूच असते. यावर १९९९ साली हिलिब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आजही डॉक्टर सांगतात. पुढून ऑपरेशन झालेल्या ३७४ रुग्णांची त्यांनी नोंद ठेवली, काहींची तर वीस वर्षांहून जास्त. त्यांना असं दिसलं, की शेजारच्या मणक्याचा नवा त्रास वर्षाला साधारण २.९ टक्के लोकांना सुरू होतो आणि दहा वर्षांत तो २५.६ टक्क्यांपर्यंत जातो.

बँकेतली जुनी मंडळी इथे बसली आहेत, ती म्हणतील २.९ गुणिले दहा म्हणजे २९ झाले पाहिजेत. पण हा हिशेब घटत्या शिल्लकीचा आहे. ज्यांना त्रास झाला ते दर वर्षी वजा होतात आणि उरलेल्यांवर टक्का लागतो. करून बघा, पंचवीस-सव्वीसच येतात. सोप्या भाषेत, दहा वर्षांनी शंभरातले सुमारे पंचाहत्तर लोक नव्या त्रासाशिवाय असतात. ज्यांना त्रास झाला, त्यांतल्या दोन तृतीयांशाहून अधिक जणांना मात्र पुन्हा ऑपरेशन लागलं, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला विचार करायला लावणारी वाटली. एकापेक्षा जास्त मजले जोडलेल्यांना नवा त्रास जास्त व्हायला हवा होता, पण तो उलट कमी दिसला. एमआरआयमध्ये आधीपासूनच झिजलेला शेजारी मात्र पुढे जास्त कुरकुरला. म्हणजे सगळा दोष जोडकामाचा नाही, इमारतीच्या वयाचाही आहे. पुढे गादीच्या जागी हलणारी कृत्रिम डिस्क आली. अमेरिकेत तिला पहिली मान्यता २००७ साली मिळाली. शेजाऱ्यावरचा ताण कमी व्हावा हा तिचा उद्देश. पण ती सगळ्यांना चालत नाही. खूप झीज झालेल्या, हाड ठिसूळ झालेल्या आपल्या वयाच्या मानेला बहुधा जोडकामच सुचवतात.

माझं म्हणाल तर अकरा वर्षं झाली. हाताची कळ परत आली नाही. मान थोडी कमी वळते, स्कूटर मागे घेताना कळतं. खालच्या गादीची झीज एक्स-रेमध्ये दिसते, पण त्रास नाही. मी अजून त्या पंचाहत्तरांत आहे.

आता दुसरी परिस्थिती. बाजूची नस नाही, मधला मज्जारज्जूच दाबला जातो. ही आमच्या थोरल्या बंधूंची केस. दादा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. तुटलेला धागा ते न बघता जोडायचे, अशी बोटं. २००४ च्या सुमारास त्यांना सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला. पायातली चप्पल चालताना निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. जिना उतरताना भिंत धरायचे. दुखत काहीच नव्हतं. आणि दुखत नाही म्हणून कुणाला मानेची शंकाही आली नाही. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं संधिवात, कुणी तेल सुचवलं. एका दवाखान्यात वर्षभर मधुमेहाच्या नसा म्हणून गोळ्या चालल्या. शेवटी त्यांच्या चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेना. सही बदलते तेव्हा माणूस म्हातारा झाला असं आपण धरून चालतो. काही वेळा त्याची मान बोलत असते.

एमआरआय झाला तेव्हा तीन मजल्यांवर मज्जारज्जू चेपलेला होता. ऑपरेशन मानेच्या मागच्या बाजूने झालं. मज्जारज्जूच्या नळीचं मागचं हाड दारासारखं एका बाजूने उघडून जागा वाढवायची, अशी ती पद्धत. ती जपानी सर्जनांनी १९७० च्या दशकात पुढे आणली. ऑपरेशनआधी दादांनी डॉक्टरांना विचारलं, ‘हात पहिल्यासारखे होतील का?’ डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, ‘आहे तिथे थांबवणं हे माझं काम. परत येईल ते बोनस समजा.’

आणि तसंच झालं. चालणं सुधारलं, काठी घेऊन का होईना, पण ते सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जात. बोटांचं बारीक काम मात्र परत आलं नाही. बटणाऐवजी वहिनींनी सदऱ्यांना चिकटपट्टी लावून दिली. नातवाला धाग्याची गाठ शिकवायला बसायचे आणि हात मध्येच थांबायचा. तेवढं दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. २०२१ मध्ये ते हृदयविकाराने गेले. म्हणजे पंधरा वर्षं ऑपरेशन टिकलं की नाही? हाताच्या बाजूने पाहिलं तर निकाल अर्धवट. पण ज्या उतरणीला ते लागले होते, ती पाहता एक-दोन वर्षांत अंथरूण धरलं असतं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्याऐवजी पंधरा वर्षं स्वतःच्या पायावर चालले. माझ्या हिशेबात ते ऑपरेशन पूर्ण टिकलं. दोन वर्षं आधी झालं असतं, तर टिकवण्यासारखं जास्त शिल्लक राहिलं असतं.

मुद्दा हा आहे. नस दाबली असेल तर बहुधा थांबता येतं, कारण वाट पाहून ती सुटू शकते. मज्जारज्जू दाबला असेल आणि हातपाय बिघडायला लागले असतील, तर वाट पाहण्याची किंमत पडते. दाब काढता येतो, पण आतला गेलेला माल परत आणता येत नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी काढलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. मध्यम किंवा गंभीर लक्षणं असतील तर शस्त्रक्रिया करावी, आणि अगदी सौम्य असतील तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम. देखरेख हा शब्द महत्त्वाचा. वाढ दिसली की पुन्हा विचार करायचा.

म्हणून निकाल किती टिकेल, यातला मोठा भाग ऑपरेशनच्या आधीच ठरलेला असतो. बटण, चप्पल, सही, पोळी लाटताना लाटणं सुटणं, अंधारात तोल जाणं, लघवीला घाई होणं, यातलं काही नव्याने सुरू झालं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. यातली प्रत्येक गोष्ट मानेमुळेच असेल असं नाही, पण तपासून घ्या. आणि दोन्ही हातांत मुंग्या, चालण्यात फरक असं असेल, तर न्हाव्याकडे किंवा मालिशवाल्याकडे मान मोडून घेणं सक्त बंद.

ऑपरेशन सांगितलंच, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. एक, ऑपरेशन दुखणं थांबवण्यासाठी आहे की हातपाय वाचवण्यासाठी? दोन, किती मजल्यांवर, पुढून की मागून, आणि का? तीन, शेजारच्या मणक्यांची आज काय अवस्था आहे? चार, ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांत काय होऊ शकतं? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपण अटी वाचतो, तसंच हे. चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाहीत. धोकेही विचारा. जंतुसंसर्ग, आवाजावर परिणाम, काही काळ खांद्याची ताकद जाणं, क्वचित गुठळी होऊन हातपाय लुळे पडणं. घरी आल्यावर हात किंवा पाय अचानक कमजोर झाला, श्वास किंवा गिळणं अवघड झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

ऑपरेशननंतर टिकवणं आपल्या हातात आहे. तंबाखू पहिली बंद. सिगारेट, विडी असो की चुना लावून मळलेली, निकोटिन हाड जुळण्याच्या आड येतं. गावात विड्या वळून पोट भरणारी घरं खूप आहेत, त्यांच्या कष्टाला नमस्कार, पण ऑपरेशन झालेल्याने ओढू नये. साखर ताब्यात ठेवायची. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तो व्यायाम रोज, आणि पट्टा सांगितला तेवढेच दिवस. जास्त दिवस घातला तर स्नायू आळशी होतात. डोक्यावर पोतं, मोळी नको. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला धरा. आणि गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांबरोबर आकाशपाळण्यात बसायचा हट्ट करू नका. खालून हात हलवा, तेवढ्यानेही पोरं खूश होतात.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पडू नका. ज्याची मज्जारज्जूची नळी अरुंद आहे, त्याला साध्या पडण्यानेही, हाड न मोडता, हातपाय लुळे पडू शकतात. इथे कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या इमारतीला २५ वर्षं झाली. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी. म्हणजे कायद्यानेही कबूल केलं आहे, की एकदा दुरुस्ती झाली म्हणून काम संपत नाही, वय वाढेल तशी तपासणी वाढवायची. मानेलाही तोच उपविधी लावा. ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टर सांगतील त्या तारखेला एक्स-रे काढावा, बरं वाटतंय म्हणून टाळू नये. आणि या वर्षीच्या ऑडिटबरोबर जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, प्रत्येक वळणावर दिवा आणि पार्किंगमधली उखडलेली फरशी एवढं केलं, तर या इमारतीतल्या कितीतरी माना वाचतील. रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईतून थोडे पैसे उरले तर त्यातून सुरुवात करावी.

मान ताठ ठेवून मुंडी हलवत होतात, म्हणजे सगळ्यांचे मणके ठीक दिसतात.